पानिपतहून आणलेली पेटी

दिल्लीहून परत आलेल्या माणसाला आमच्या कराडात पहिल्यांदा विचारतात, कुतुबमिनार पाहिला का? मी पाहिला नाही. लाल किल्लाही पाहिला नाही, इंडिया गेट टॅक्सीतून पाहिलं, तेही धुक्यात, त्यामुळे ते होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. एका लाकडी पेटीच्या चारी बाजू, तळ, झाकण आणि बिजागऱ्या मात्र अशा पाहिल्या आहेत की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. ज्यांना दिल्ली वाचायची आहे त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. ज्यांना जुनी पेटी घरच्या घरी नीट करायची आहे, किंवा मेहुण्याला बोलतं करायचं आहे, त्यांनी बसावं.

मी बँकेतून निवृत्त झाले. निवृत्त बायका एकतर देवाच्या मागे लागतात नाहीतर सुनेच्या. मला सून नाही आणि देवाचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं, म्हणून मी मोडक्या लाकडी सामानाच्या मागे लागले. आता गल्लीतली प्रत्येक लंगडी खुर्ची आमच्या अंगणात येऊन बसते. डिसेंबरात नलूताईचा दिल्लीहून फोन आला, त्या वेळी माझे दोन्ही हात लाकूड चिकटवायच्या सरसात होते आणि फोन खांद्यावर धरला होता.

"वासंती, तू ये. हे बोलत नाहीत."

"भांडलात काय?"

"भांडले असते तर बोलले असते ना!" ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ताई सहसा रडत नाही. मी हात धुतले आणि तिकिटाचं बघायला लागले.

नोएडा

नलूताई माझी थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, केंद्र सरकारच्या नोकरीत होते. उभा जन्म आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात गेला. तिथे खाली उतरलं की मराठी माणूस भेटायचा, आणि भेटला की दाजी त्याला पानिपत सांगायचे. दर संक्रांतीला ते बस ठरवून मंडळींना पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला न्यायचे आणि तिथल्या स्तंभापाशी उभे राहून बोलायचे. अन्नावाचून आणि कडाक्याच्या थंडीत आपली माणसं कशी लढली, हे सांगताना त्यांचा आवाज असा लागायचा की बसचा ड्रायव्हरसुद्धा डोळे पुसायचा. त्याला मराठीचा गंध नव्हता.

मग दाजी निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि ती दोघं नोएडात स्वतःच्या फ्लॅटमध्ये आली. नोएडात सगळ्याला आकडे आहेत. सेक्टरला आकडा, टॉवरला आकडा, माणसालाही फ्लॅटच्या आकड्यानेच ओळखतात. खाली उतरलं की भेटतो तो गार्ड, आणि तो रजिस्टर पुढे करतो. दाजी काही दिवस उतरले, मग उतरायचे थांबले. बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून मेट्रोच्या पुलाकडे बघायला लागले.

मी पोचले तेव्हाही ते तिथेच होते. मी वाकून नमस्कार केला. "अच्छा," ते म्हणाले, "आलीस." आणि पुन्हा पूल.

ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "बघितलंस? हा आजचा कोटा होता. बिल्कुल तोंड उघडत नाहीत. डॉक्टर म्हणतो, ॲडजस्ट व्हायला टाइम लागतो. यावर्षी काला अंबलाही जाणार नाही म्हणतात."

ताईच्या हातचा मुळ्याचा पराठा खाल्ला. आमच्याकडे मुळा म्हटलं की माणसं नाक मुरडतात; दिल्लीच्या थंडीत तो पराठ्यात घालून वर लोण्याचा गोळा ठेवतात आणि त्याला नाश्ता म्हणतात. दुसरा पराठा संपवताना मला युक्ती सुचली. मी बाल्कनीत जाऊन म्हटलं, "दाजी, मी इतक्या लांबून आले. मला काला अंब कोण दाखवणार? तो गार्ड?"

दाजींनी स्वेटर मागितला.

काला अंब

पानिपतपर्यंतच्या रस्त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण तो दिसलाच नाही. धुकं इतकं होतं की आमचा ड्रायव्हर पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे निघाला होता. तो ट्रक एका गोदामात शिरला, तेव्हा आम्हीही शिरलो. माफी मागून बाहेर आलो.

काला अंबला नीटनेटकी बाग आहे, विटांचा स्तंभ आहे आणि शांतता आहे. इथे एक आंब्याचं झाड होतं, रक्ताने ते काळं पडलं, असं सांगतात. अहमदनगरकडचं एक कुटुंब आलं होतं. त्यातल्या आजोबांनी स्तंभापाशी चपला काढल्या, खाली वाकून माती कपाळाला लावली आणि थोडी रुमालात बांधली. बागेचा हरियाणवी माळी हे बघत उभा होता. त्याला सवय असावी. माती नेल्याची तो तक्रार करत नाही, फक्त फुलं तोडायची नाहीत म्हणतो.

दाजी आधी लांबच उभे होते. मग त्या आजोबांनी कुणालाच उद्देशून न विचारता विचारलं, "छावणी कुठल्या अंगाला होती म्हणायची?" दाजींचा हात आपोआप उठला. पाच-दहा वाक्यं बोलले. मी ताईला फोन करून सांगितलं.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. परतताना मी माती खाल्ली, आणि कपाळाला लावायची ती नव्हे.

पानिपतच्या बाहेर रस्त्याकडेला जुन्या सामानाची गोदामं आहेत. जुने दरवाजे, हवेल्यांचे खांब, पलंगाचे पाय यांचे ढीगच्या ढीग. मला अशी जागा दिसली की माझं मलाच आवरत नाही. मी गाडी थांबवली. एका पलंगाच्या पायाला कीड आहे का हे नखाने टोकरत मी दाजींना म्हटलं, "बघा की, लाकूड कसलं जड आहे!"

मालक तिथे शेकोटीला बसला होता. त्याने आमची भाषा ऐकली आणि उठून उभाच राहिला. "मराठा हो जी?"

दाजी ताठ झाले. "हाँ जी."

मालकाने इकडे तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "फिर एक चीज दिखाता हूँ. सब को नहीं दिखाता."

त्याने पोती बाजूला करून एक पेटी दाखवली. पेटी कसली, लहान खोलीच म्हणा. माणसाच्या छातीएवढी उंच, जाड पायांची, आणि वरपासून खालपर्यंत काळा कुळकुळीत ऑइलपेंट फासलेला. पुढच्या बाजूला एक दरवाजा, त्याला गंजलेली कडी. मालक म्हणाला, "आपके मराठों की छावनी का है जी. हमारे गाँव में पीढ़ियों से पड़ा था. उसमें हथियार रहते थे."

मी लाकूडकाम करणारी बाई. मला त्याच क्षणी कळायला हवं होतं की लढाईतून पळणारं माणूस असलं धूड मागे सोडेल हे खरं, पण लढाईला येताना बरोबर आणेल कशाला? पण मी दाजींकडे पाहिलं. त्यांनी हातमोजा काढला होता आणि उघडा तळवा त्या काळ्या रंगावर ठेवला होता. "थंडगार आहे गं," ते मला म्हणाले. आणि मग काय सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. मराठी माणसाला पानिपतात उभं करून काहीही दाखवा, अगदी गाडीचं चाक दाखवा, तो घेईल. आम्ही बाहेर आलो तेव्हा मी भाव पाडून निम्म्यावर आणला होता आणि मालक तरीही हसत होता, यावरून काय ते समजा.

"विश्वास पानिपतात गेला म्हणतात ते काय उगाच?" ताई मागाहून म्हणाली. पण ते मागाहून.

पुन्हा नोएडा

पेटी टेम्पोतून आली. लिफ्टमध्ये मावली नाही. जिन्याने चढवताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अशी अडकली की ना वर ना खाली, आणि हमाल चहाला गेले. ज्या फ्लॅटच्या दारासमोर ती अडकली तिथे एक ऐंशीच्या पुढची पंजाबी बाई राहते. सगळी बिल्डिंग तिला बीजी म्हणते. तिने दार उघडलं, समोर पोत्यात गुंडाळलेला डोंगर पाहिला, "कौन मर गया?" एवढं विचारलं आणि उत्तर न ऐकताच दार लावलं. शेवटी पाय काढून पेटी वर नेली.

दाजी बदलले. हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. सकाळी उठून स्वतः चहा करून मला विचारायला लागले, "आज काय करायचं?" जुन्या आर. के. पुरमच्या मित्रांना फोन गेले: संक्रांतीला तिळगूळ घ्यायला या, एक वस्तू दाखवायची आहे. मला ऐकू येईल अशा आवाजात फोनवर सांगत होते, "छावणीतली! अरे यार, तू ये तर!" ताई पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि हळूच देवाकडे बघायची. "वासंती, ही पेटी नाही गं, औषध आहे," ती म्हणाली. "संक्रांतीपर्यंत नीट झाली पाहिजे. माणसं येणार आहेत."

जुनं लाकूड नीट करायचं म्हणजे नव्वद टक्के वेळ आधीच्या माणसाने केलेलं निस्तरायचं. ऑइलपेंट काढायला रिमूव्हर लावायचा, पापुद्रे फुगून आले की पत्रीने खरवडायचे, लाकडाच्या रेषेबरोबर, आडवं कधीच नाही. मग पॉलिशपेपर, आधी जाड, मग बारीक. रिमूव्हरचा वास ताईच्या आमटीला लागला, तिच्या बाल्कनीच्या फरशीवर एक पांढरा डाग पडला तो अजून आहे. पण खालून लाकूड निघालं ते बघून मी नाचायचीच राहिले. शीशम! आपल्या शिसवीची उत्तरेकडची मावसबहीण, जरा उजळ, स्वभावाने तशीच कठीण. मी दाजींना मागची बाजू दिली आणि स्वतः पुढची घेतली. ते हॉलमध्ये मागे बसून खरवडायचे आणि पानिपत सांगायचे. मी पुढे बसून हूं हूं करायचे.

आणि मग माझ्या पत्रीखालून एक चोच निघाली.

मला वाटलं, लाकडाची गाठ असेल. अजून खरवडलं. चोचीमागे डोकं निघालं, डोक्यामागे मान, आणि शेवटी एक धष्टपुष्ट पोपट माझ्याकडे बघायला लागला. त्याच्यासमोर दुसरा पोपट. मध्ये वेल, वेलीला फुलं. दरवाजावर ओळीने लहान लहान गोल खाचा, एकीत आरशाचा तुकडा अजून चिकटलेला. मी आत हात घातला तर फळ्यांच्या सांध्यात कापूस. हत्यारं कापसात ठेवत नाहीत.

ही लग्नाची पेटी होती. कुणीतरी आपल्या लेकीला कपडे नि गाद्या भरून दिली होती.

'पोपट होणे' म्हणजे काय हे मराठीत प्रत्येकाला माहीत आहे, पण त्या वेळी मी तो शब्द गिळला. पलीकडून दाजींचा आवाज येत होता, "...तर वासंती, छावणीला वेढा पडला. रसद तुटली. ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मी म्हटलं, आणि ताईची जुनी साडी पोपटांवर टाकली.

स्वयंपाकघरात ताईला सांगितलं. तिने शांतपणे गॅस बंद केला. "परत काळा रंग मार."

"मी रंग खरवडते ताई, फासत नाही."

"तुझ्या लाकडापायी माझा माणूस परत मुका झाला तर?"

मग आम्ही मराठी माणसं करतात तेच केलं, म्हणजे निर्णय पुढे ढकलला. दाजींना म्हटलं, मागची बाजू फार नाजूक आहे, अजून बारीक पेपर मारा. दाजी मारत राहिले. पुढची बाजू साडीखाली ठेवायची आणि दाजी बाहेर फिरायला गेले की मी तिच्यावर काम करायचे. कारण आता ते फिरायलाही जायला लागले होते. पेटीची मागची फळी इतकी गुळगुळीत झाली की तिच्यात तोंड दिसायला लागलं. जी बाजू जन्मभर भिंतीला टेकणार तिच्यात.

बीजी वर येतात

आमची काळी धूळ बाल्कनीतून खाली जात होती, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. खालच्या बाल्कनीत बीजींनी रजया उन्हात घातल्या होत्या. दिल्लीत हिवाळ्यात ऊन पडलं की माणसं आधी रजया बाहेर काढतात, मग स्वतः निघतात. एका दुपारी दारावर थाप पडली आणि बीजी काठी टेकत आत.

"ओ जी, ये क्या तूफान मचा रखा है? मेरी रजाई काली कर दी! मैं सोसाइटी में कंप्लेंट..."

वाक्य तिथेच राहिलं. मी काम करत होते, साडी बाजूला होती. बीजींनी काठी भिंतीला लावली आणि सरळ पेटीकडे आल्या. पोपटावरून हात फिरवला. आरशाच्या खाचेत बोट घातलं. "हाय रब्बा. ये तो दहेज का संदूक है! यहाँ शीशे होते हैं. मेरी माँ का बिल्कुल ऐसा था." आवाज एवढा मोठा की तळमजल्यापर्यंत जावा.

दाजी नुकतेच फिरून आले होते. दारातच उभे होते.

त्यांनी पोपट पाहिले. मग मला पाहिलं. "हे कधी निघाले?"

"गेल्या आठवड्यात," मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग होता?

"अच्छा," दाजी म्हणाले. टोपी काढून खुंटीला लावली, बाल्कनीत गेले आणि खुर्ची पुलाकडे वळवून बसले.

त्या दिवशी ताईने मला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. "तू आलीसच कशाला?" इथून सुरुवात झाली. "तूच बोलावलंस," मी म्हटलं. "बोलतं करायला बोलावलं होतं, खरवडायला नाही!" मग ती रडली आणि मीही रडले. रागही येत होता, स्वतःचा, त्या गोदामवाल्याचा, पोपटांचाही. पण सगळ्यात वाईट वाटलं ते दाजींनी ‘अच्छा’ म्हटलं त्याचं. दुसऱ्या दिवशी तेवढंही बोलले नाहीत. ताट पुढे ठेवलं की जेवायचे. संक्रांतीला येणाऱ्या माणसांना काय सांगायचं म्हणून ताई फोन हातात घ्यायची आणि निमित्त सुचलं नाही की खाली ठेवायची.

मी पॉलिश सुरू केलं. दुसरं करणार काय? चपडी म्हणजे लाखेच्या पापड्या, त्या स्पिरिटमध्ये भिजवायच्या, दाजींच्या जुन्या बनियनचा बोळा करून त्यात बुडवायचा आणि लाकडावर हलक्या हाताने फिरवत राहायचं. कराडात हे पॉलिश मधासारखं चढतं. नोएडात सकाळच्या धुक्यात ते दह्यासारखं पांढरं पडलं. आमच्याकडे हवेत ओल असते ती पावसाळ्यात, त्यामुळे थंडीत पॉलिश करू नये हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सगळे पोपट पांढरे फटक झाले. मी ताईचा हीटर त्यांच्याकडे तोंड करून लावला आणि स्वतः कुडकुडत बसले.

तेवढ्यात बीजी पुन्हा आल्या. या वेळी वाटीत गाजरहलवा होता. भांडायला आलेलं माणूस दुसऱ्या खेपेला गोड घेऊन येतं, हे आमच्या बाजूला मी तरी पाहिलेलं नाही; आमच्याकडे तीन पिढ्या अबोला चालतो. पांढरे पोपट बघून त्या पोटभर हसल्या. "धूप में करो, बेटा, धूप में!" साठीच्या बाईला बेटा म्हटलं की कसं वाटतं ते दिल्लीला गेल्याशिवाय कळणार नाही.

ऊन फक्त बाल्कनीत होतं, आणि तिथे दाजी होते. आम्ही दरवाजाची फळी काढून उन्हात नेली. बीजी दाजींच्या शेजारच्या वेताच्या मोड्यावर बसल्या. दाजींनी मान वळवली नाही. बीजींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना ऐकणारं माणूस लागतं, उत्तर देणारं लागत नाही.

"मेरी माँ का संदूक उधर ही रह गया," त्या म्हणाल्या. उधर म्हणजे फाळणीत पाकिस्तानात गेलेल्या त्यांच्या घरी. "नई रजाइयाँ भरी थीं. एक भी नहीं ओढ़ी थी. कहती थी, मेहमानों के लिए हैं. फिर निकलना पड़ा तो सब वहीं. इधर आ कर कैंप में रहे. मैं छोटी थी, इतनी सी. हम सब बहन-भाई एक बोरी के नीचे सोते थे. और जनवरी आई तो... भाईसाहब, पानीपत की जनवरी आपने देखी नहीं."

मी बोळा थांबवला.

दाजींची मान हळूहळू वळली. "कहाँ?"

"पानीपत. वहीं तो कैंप था हमारा."

ज्या माणसाने पानिपतची जानेवारी आयुष्यभर बसभर लोकांना सांगितली, तो बीजींकडे बघत राहिला. "नहीं," दाजी म्हणाले. "मैंने नहीं देखी. आप बताइए."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. धुकं किती वाजेपर्यंत उठायचं? हात पुढे धरला तर दिसायचा का? ओलं लाकूड पेटायचं का? पायाला काय बांधत होता? बीजी सांगत होत्या, दाजी पुढे सरकत होते. खुर्ची कधी वळली ते मला कळलं नाही.

"पहले क्या लगता था?" त्यांनी विचारलं. "भूख या ठंड?"

"ठंड," बीजी लगेच म्हणाल्या. "भूख की तो आदत पड़ जाती है जी."

दाजींनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसत राहिले. मागे ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. चहा गार झाला तरी ती पुढे आली नाही.

संक्रांत

आर. के. पुरमची मंडळी दुपारी आली. देशपांडे आले, सोलापूरचे शेख आले, दोघांच्या घरच्या आल्या. पेटी हॉलमध्ये, साडी पांघरून. उन्हात केलेलं पॉलिश छान चढलं होतं आणि खाचांमधले गोल आरसे बीजींनी नोएडातल्या काचवाल्याकडून, त्याच्याशी भांडून, कापून आणले होते. पंजाब्यांच्या लोहडी सणाच्या रेवड्या आणि आमचा तिळगूळ एकाच ताटात होता. तीळ तोच, गूळ तोच. फक्त आम्ही तो देताना गोड बोलायचं कबूल करून घेतो, आणि ते लोक आधीच गोड बोलत असतात.

दाजींनी स्वतः साडी ओढली. "ही पेटी छावणीतली नाही," ते म्हणाले. "मला गंडवलं. वासंती साक्षीला होती, पण तीही गंडली."

शेख मान हलवत म्हणाले, "शेवटी विश्वास पानिपतातच गेला तुमचा, साहेब!" आणि सगळे जे हसले! दाजींकडे मी भीत भीत पाहिलं. तेच सगळ्यांत मोठ्याने हसत होते.

"पण इतकी वर्षं मी तुम्हाला पानिपतची थंडी सांगितली," हसू थांबल्यावर ते म्हणाले, "ती ऐकीव होती. जिने काढली आहे तिला आज बोलावलंय. मी गप्प बसतो." आणि ते जमिनीवर, पेटीला टेकून बसले.

बीजींनी सांगितलं. भाषण नव्हतं ते, मध्येच रेवडी खात, मध्येच कुणाला दटावत सांगितलं. त्या बोरीचं, म्हणजे पोत्याचं सांगितलं, धाकट्या भावाचं सांगितलं, तो त्या थंडीतून उठला नाही. देशपांडेकाकूंनी तोंडाला पदर लावला. दाजी खाली मान घालून ऐकत होते.

निघताना बीजींनी खालून एक रजई मागवली आणि पेटीत ठेवली. "खाली संदूक घर में नहीं रखते," त्या म्हणाल्या. त्यांचं खाली म्हणजे आपलं रिकामं. मी बघितलं तर माझ्या काळ्या धुळीने खराब झालेली तीच रजई. डाग वर येईल अशी घडी घातली होती. "अब यह और कहाँ जाएगी?" माझ्याकडे बघून म्हणाल्या.

परत

माझी गाडी निजामुद्दीनहून होती. ताई आणि दाजी टॅक्सीने सोडायला आले. नोएडाचा पूल ओलांडायच्या आत दाजींचं सुरू झालं. ते बीजींना घेऊन पानिपतला जाणार आहेत, कॅम्प कुठे होता ते शोधायला. मग काला अंबला. जाताना त्या गोदामवाल्याकडेही थांबायचं आहे, भांडायला नव्हे, पेटी कुठल्या गावाची ते विचारायला, कारण ती कुणाच्या तरी लेकीची असेल ना? मग मागच्या फळीचं काढलं, ती आपण एकट्याने केली, आणि भिंतीकडे तोंड करून का होईना पण सगळ्यांत उत्तम तीच झाली आहे, पेटी उलटी ठेवावी की काय? मग ड्रायव्हरला गाव विचारलं. मग ड्रायव्हरला पानिपत सांगायला लागले.

ताई कपाळ चोळत होती. "अहो, जरा गप्प बसा की! डोकं उठलं माझं."

दाजी थांबले. टॅक्सीत एकदम शांत झालं. सिग्नलला गाडी उभी होती, बाहेर एक माणूस तिळाची गजक विकत होता. ताईने माझा हात एवढ्या जोरात धरला की बांगडी रुतली. तिचं तोंड खिडकीकडे होतं.

"नको," ती काचेकडे बघत म्हणाली. "बोला. बोला हो तुम्ही."